जुलै-ऑगस्टमध्ये बर्फावर: दक्षिण गोलार्धातल्या स्कीइंग सहलीची पहिल्यापासून तयारी

मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिण गोलार्धात स्कीइंग करता येईल का, हा प्रश्न आधी निकालात काढू. नाही येणार. न्यूझीलंडमधली बहुतेक स्की फील्ड जूनच्या मध्याला उघडतात. ऑस्ट्रेलियात जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या जोडसुट्टीला हंगामाचा नारळ फुटतो, आणि चिली-अर्जेंटिनात जूनच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागतं. हंगाम आटोपतो तो सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस, मुलांच्या घटक चाचण्या आणि गणपतीची गडबड चालू असते, नेमक्या त्याच काळात तिकडे उतार पांढरे असतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तर सगळं वितळून जातं.

त्यामुळे महाराष्ट्रातून ही सहल जमते ती मुख्यतः शाळेचं वेळापत्रक डोक्यावर नसलेल्यांना, किंवा ऑगस्टमध्ये आठवडाभर शाळा बुडवायची तयारी असलेल्यांना. अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मात्र चैन आहे, कारण त्यांच्या मुलांची मोठी सुट्टी आणि तिकडचा ऐन हिवाळा एकमेकांवर बरोबर बसतात. सिडनी, मेलबर्न, ऑकलंडवाल्यांना तर हे घरचंच अंगण.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. ही सहल फसते ती बहुधा बर्फ कमी पडला म्हणून नाही. ती फसते वाऱ्यामुळे आणि रस्त्यामुळे. वारा सुटला की माणसांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्ट बंद, वर जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा थर गोठला की फाटक बंद. म्हणून रिसॉर्टची छायाचित्रं बघत बसण्यापेक्षा कुठल्या गावात मुक्काम करायचा आणि हाताशी किती मोकळे दिवस ठेवायचे, यावर जास्त डोकं लावा. सहा दिवसांच्या मुक्कामात चार दिवस स्कीइंग झालं तर सहल उत्तम झाली, असा हिशोब धरून निघा.

देश कसा निवडायचा

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत सरळ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाला, त्यातही क्वीन्सटाउन किंवा वानाकाला. कारण एका मुक्कामातून चार स्की फील्ड हाताशी येतात. कॉरोनेट पीक क्वीन्सटाउनहून जेमतेम अर्ध्या तासावर आहे, रस्ता वरपर्यंत डांबरी. १९४७ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं व्यावसायिक स्की फील्ड. कृत्रिम बर्फ करणारी यंत्रणा इथे मोठी आहे, आणि ठरावीक दिवशी रात्रीचं स्कीइंगही चालतं. द रिमार्केबल्स पाऊण तासावर, शिकाऊंसाठी सोयीचं. कार्ड्रोना क्वीन्सटाउन आणि वानाकाच्या मध्ये. त्याचा तळच १,६०० मीटरच्या वर असल्याने बर्फ टिकतो आणि लहान मुलांची व्यवस्था चांगली आहे. चौथं ट्रेबल कोन, वानाकाच्या बाजूला. ते विस्तीर्ण आणि सुंदर आहे, पण नवख्यांचं काम नाही, आणि वर जाणारा कच्चा रस्ता ड्रायव्हरचीही परीक्षा घेतो. एक बंद असलं तरी दुसरं चालू असण्याची शक्यता राहते, यातच खरा फायदा आहे.

क्राइस्टचर्चमध्ये कुणाचं घर असेल तर माउंट हट जवळ पडतं. तिथला बर्फ छान, पण वाऱ्यासाठी ते इतकं बदनाम आहे की स्थानिक लोक त्याला ‘माउंट शट’ म्हणतात. उत्तर बेटावर व्हाकापापा आणि तुरोआ ही दोन फील्ड रुआपेहू या जागृत ज्वालामुखीच्या अंगावर आहेत. १९९५ आणि १९९६ साली उद्रेकांनी तिथले हंगाम बुडवले होते.

न्यूझीलंडबद्दल एक गैरसमज मात्र दूर करतो. डोंगरावरच लाकडी घरांचं गाव, खिडकीतून बर्फ, दारातून स्की घालून बाहेर, हे चित्र इथे जवळपास नाही. तुम्ही राहता खाली, तळ्याकाठी, जिथे बहुतेक दिवस बर्फ नसतोच. क्वीन्सटाउनमध्ये ऑगस्टात भुरभुर पाऊस असू शकतो आणि त्याच वेळी वर ताज्या बर्फाचा थर पडत असतो. रोज सकाळी वर जायचं, संध्याकाळी खाली यायचं.

ऑस्ट्रेलिया तिथे राहणाऱ्यांनाच परवडतो. न्यू साउथ वेल्समध्ये थ्रेडबो आणि पेरिशर, व्हिक्टोरियात माउंट बुलर, फॉल्स क्रीक, माउंट हॉथम. सिडनीहून थ्रेडबो-पेरिशरच्या पायथ्याच्या जिंडाबाइन गावापर्यंत सहा तास गाडी, मेलबर्नहून माउंट बुलर तीन तास. देशातलं सर्वांत उंच शिखर कोशियस्को अवघं २,२२८ मीटर, त्यामुळे बर्फ कधी भरपूर तर कधी चिखल. आपल्याला न दिसणारी एक मजा मात्र इथे आहे, ती म्हणजे स्नो गम या निलगिरीच्या वाकड्या-तिकड्या झाडांमधून घसरत जाणं. न्यूझीलंडचे उतार झाडांच्या रेषेच्या वर, बोडके असतात.

चिली ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या सहलीची गोष्ट, आणि अमेरिकेतल्या लोकांनी तिचा विचार जरूर करावा. न्यू जर्सीतून रात्री बसलात की सकाळी सांतियागो, आणि जुलैत दोन्हीकडच्या घड्याळात फरक शून्य. शहरापासून दीडएक तासावर व्हाये नेवादो, ला पार्वा, एल कोलोरादो. अर्जेंटिनाच्या सीमेजवळ पोर्तियो, जिथे तळ्याकाठी एकच मोठं पिवळं हॉटेल आहे आणि लोक शनिवार ते शनिवार असा आठवडा काढायला येतात. १९६६ साली अल्पाइन स्कीइंगची जागतिक स्पर्धा इथे ऑगस्टमध्ये झाली होती. दक्षिण गोलार्धात ती त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही. चिलीत लक्ष ठेवायचं ते उंचीवर. पोर्तियोचं हॉटेल २,८०० मीटरच्या वर आहे, व्हाये नेवादोत तर झोपायचंच ३,००० मीटरवर. विमानातून उतरून थेट वर जाऊ नका. एक रात्र सांतियागोत काढा, पाणी भरपूर प्या, पहिल्या संध्याकाळी वाइनच्या वाटेला जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये उंचीचा हा त्रास नाही.

अर्जेंटिनात बारिलोचेजवळ सेर्रो कातेद्राल, मेंदोसा प्रांतात लास लेन्यास, आणि पार टोकाला उश्वायाचं सेर्रो कास्तोर. अंतरं मोठी, देशांतर्गत विमानं बेभरवशाची. दोन आठवडे हाताशी असतील तरच.

तारखा

जुलैचे पहिले दोन-तीन आठवडे टाळा. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, शिकवण्या भरलेल्या, खोल्या दुप्पट दराच्या, आणि बर्फाचा थर अजून पातळ. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा सर्वांत भरवशाचा. या काळात युरोप-अमेरिकेतले राष्ट्रीय संघही सरावाला कॉरोनेट पीक आणि कार्ड्रोनाला आलेले असतात. तुम्ही पहिलं वळण शिकत असताना शेजारच्या आखलेल्या पट्ट्यावरून एखादी विश्वचषकातली खेळाडू सणकन निघून जाते. दक्षिण गोलार्धाला हिवाळी ऑलिंपिकचं पहिलं पदक १९९२ साली मिळालं ते न्यूझीलंडच्या अ‍ॅनेलिस कोबर्गरमुळे, आणि त्या देशाचं पहिलं सुवर्ण २०२२ साली वानाकाच्या झोई सडोव्स्की-सिनॉटने स्नोबोर्डिंगमध्ये आणलं. याच उतारांवरची माणसं ती.

सप्टेंबर स्वस्त असतो, दिवस मोठे, ऊन छान. सकाळी कडक, दुपारी खरवसासारखा मऊ बर्फ. नवख्याला तो मऊपणा चालतो, पडलं तरी लागत नाही. गणपती सोडून जायचं नसेल तर पंचांग बघूनच तिकीट काढा, कारण चतुर्थी बरेचदा याच काळात येते.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडला पर्यटक व्हिसा लागतो, अर्ज ऑनलाइन. ऑगस्टची सहल असेल तर मे महिन्यात अर्ज टाका, जुलैत धावपळ नको. खर्चाची तरतूद दाखवताना माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर, आणि राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४०० डॉलर, असा निकष आहे. आपली काही मंडळी मालमत्ता दाखवायला सातबारा जोडतात. जोडा हवं तर, पण मराठी कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर हवंच. व्हिसाच्या शुल्काबरोबर पर्यटकांसाठीची १०० डॉलरची वेगळी आकारणीही भरावी लागते, ती बजेटात धरा.

तिकीट स्वस्त दिसलं म्हणून सिडनी किंवा मेलबर्नमार्गे काढत असाल तर थांबा. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. मुंबईहून सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्च किंवा ऑकलंड हा मार्ग त्या कटकटीतून सोडवतो. अमेरिकी पासपोर्ट असेल तर चिली-अर्जेंटिनाला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. घरात एकाचा पासपोर्ट अमेरिकी आणि दुसऱ्याचा भारतीय असेल तर भारतीय पासपोर्टसाठीचा नियम वकिलातीकडून तपासल्याशिवाय तिकिटं काढू नका.

आता खाऊ. न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे. विमानतळावर उतरण्याआधी भरायच्या घोषणापत्रात खाण्याचा प्रत्येक पदार्थ लिहायचा. लाडू, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला, आईने कोपऱ्यात खोचलेली सुपारीची डबी, सगळं. लिहिलंत तर फार तर एखादी पिशवी काढून घेतील. लपवलंत आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. ट्रेकिंगचे बूटही जाहीर करावे लागतात, आणि त्यांच्या तळव्याला सह्याद्रीची माती चिकटलेली असेल तर ते धुवायला घेऊन जातात. घरूनच ब्रशने घासून न्या.

मुक्काम, पास, शिकवणी: पैसे कुठे घालायचे

मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली जागा बघा. वरच्या कॅफेत चिप्स, सूप आणि ‘पाय’ नावाची सारण भरलेली पेस्ट्री एवढंच मिळतं आणि ते महाग असतं. शाकाहारी माणसाचे तिथे दोन दिवसांत हाल होतात. क्वीन्सटाउनमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, पण दिवसभर बर्फात आपटून आल्यावर घरच्या मुगाच्या खिचडीची सर कशालाच नाही. सकाळी डब्यात पोळीची गुंडाळी करून न्या, वर बसून खायला कुणी हरकत घेत नाही.

लिफ्ट पासचा मोठ्यांचा एका दिवसाचा दर न्यूझीलंडमध्ये दीडशे डॉलरच्या वरच जातो. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्ण डोंगराचा पास घेऊच नये. ‘फर्स्ट टाइमर’ किंवा ‘बिगिनर’ पॅकेज मागा. त्यात शिकाऊ उतारांपुरता पास, गटाची शिकवणी आणि भाड्याचं सामान एकत्र येतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं. पहिले दोन दिवस तुम्ही त्या शंभर-दोनशे मीटरच्या उतारावरच असणार आहात.

शिकवणीवर मात्र कंजुषी नको. ‘माझा मित्र येतो, तो शिकवेल’ हा बेत सर्रास होतो आणि सर्रास भांडणावर संपतो. मित्र तुम्हाला थेट निळ्या उतारावर नेतो. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात हिरवा सर्वांत सोपा, निळा मधला, काळा अवघड. प्रशिक्षक एकाच जागी तासभर तुम्हाला थांबायचं कसं ते शिकवतो, आणि थांबणं हीच पहिली कला आहे.

स्की की स्नोबोर्ड? तीन-चारच दिवस असतील तर स्की. पहिल्या दिवशीच थोडं पुढे सरकल्याचा आनंद मिळतो. स्नोबोर्डवर पहिले दोन दिवस बसकण मारण्यातच जातात, मनगटं आणि माकडहाड दोन्ही दुखतात, पण तिसऱ्या दिवसानंतर प्रगती झपाट्याने होते. बोर्ड घेणार असाल तर मनगटाचे गार्ड मागून घ्या. कोणता पाय पुढे ठेवायचा ते घरीच ठरवा. कुणाला तरी मागून हलका धक्का द्यायला सांगा, सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो बहुधा पुढचा.

घरून करायची तयारी

दीड-दोन महिने आधी मांड्यांवर काम सुरू करा. पुण्याकडच्या लोकांना याची आयती सोय आहे. सिंहगड चढण्याने दम वाढतो, पण स्कीइंगला उपयोगी पडतं ते उतरणं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि उतारावर वळणं घेताना त्यांना नेमकं तेच करायचं असतं. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारून मगच तिकीट काढा.

कपडे विकत घेण्याची घाई नको. वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, हेल्मेट, गॉगल सगळं क्वीन्सटाउनमध्ये भाड्याने मिळतं. स्वतःचं न्यायचं ते अंगालगतचं. लोकर किंवा सिंथेटिकचे थर्मल, त्यावर फ्लीस, आणि गुडघ्यापर्यंतचे स्कीचे पातळ मोजे. सुती बनियन नको, जीन्स तर नाहीच. ओली झाली की दिवस संपला. लोकरीचे हातमोजे बर्फात दहा मिनिटांत भिजतात, वॉटरप्रूफच हवेत. माकडटोपी घरी ठेवा, ती हेल्मेटखाली मावत नाही. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा, आणि जमल्यास फिकट पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा. झाडं नसल्याने ढगाळ दिवशी इथे उतार आणि आकाश एकाच रंगाचे होतात, खड्डा पायाखाली आल्यावरच कळतो. सनस्क्रीन हिवाळ्यातही चोपडायचं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे हनुवटीच्या खालच्या बाजूलाही लावा.

बूट: इथे वेळ घालवा

सगळ्या सामानात एकच गोष्ट दिवस बनवते किंवा बिघडवते, ती म्हणजे बूट. पहिल्या स्कीच्या आदल्या संध्याकाळीच दुकानात जा. सकाळी रांग असते आणि मागचा माणूस उसासे टाकत असतो.

स्कीच्या बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये असतं. घरी टाच भिंतीला टेकवून पाऊल मोजून ठेवा, २६ सेंटीमीटर असेल तर २६ किंवा २६.५ पासून सुरुवात. पायात एकच मोजा, दोन नाहीत. दोन मोज्यांमुळे ऊब वाढत नाही, रक्त अडतं आणि पाय गार पडतो. थर्मलची पँट बुटात खोचू नका, तिची घडी नडगीवर दिवसभर रुतते. बुटात फक्त मोजा आणि पाय.

पाय आत घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे ती मागे बसते. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे टेकायला हवीत. मग गुडघे पुढे वाकवा, बोटं किंचित मागे सरकतात. असं झालं तर माप बरोबर. उभं राहिल्यावर बोटं मोकळी हलत असतील तर बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. बकल लावताना वरून, नडगीपासून सुरुवात करा, पावलावरचे सैलच ठेवा. नडगीला सगळीकडून सारखी घट्ट मिठी हवी, एका जागी टोचणं नको. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं फिरा. चालताना तुम्ही रोबोटासारखे दिसाल, सगळेच दिसतात.

मग फॉर्म येतो. वजन, उंची, वय, अनुभव. या आकड्यांवरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोराला सुटायचं ते ठरतं. वजन कमी लिहिलंत तर स्की उगाच निसटेल. जास्त लिहिलंत, किंवा शेखी मिरवायला अनुभवी म्हणून खूण केलीत, तर पडताना स्की सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि सगळी पीळ गुडघ्यावर येईल. घरच्यांसमोर वजन सांगायला लाज वाटत असेल तर फॉर्म स्वतःच्या हाताने भरा.

गाडी आणि चाकाच्या साखळ्या

न्यूझीलंडमध्ये गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते आणि महाराष्ट्रातला इंग्रजी मजकूर असलेला वैध परवाना चालतो. म्हणून लोक बिनधास्त गाडी घेतात. खालच्या रस्त्यांसाठी घ्या. स्की फील्डच्या रस्त्यांसाठी, बर्फात कधी गाडी चालवली नसेल तर, बस धरा. क्वीन्सटाउन आणि वानाकातून हंगामात रोज बसेस वर जातात. ड्रायव्हर रोजचा, साखळ्या त्याच्या, ताण त्याचा.

तरी गाडी नेणारच असाल तर हे लक्षात ठेवा. गाडी भाड्याने घेताना साखळ्या त्याच गाडीच्या टायरच्या मापाच्या आहेत का ते बघून घ्या. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर साखळ्या पुढच्या चाकांना. चारही चाकं ओढणारी असेल तर गाडीचं पुस्तक बघा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. मुक्कामाच्या पार्किंगमध्ये उजेडात एकदा लावून-काढून बघा. उणे दोन तापमानात, अंधारात, मागे गाड्यांची रांग असताना बोटं गोठतात आणि आकडा सापडत नाही. साखळी चाकामागे सपाट पसरवायची, आतला आकडा आधी अडकवायचा, मग बाहेरचा, मग ताणणी. शंभर मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. हे दुसऱ्यांदा ताणणं बरेच जण विसरतात, आणि सैल साखळी चाकाच्या आतल्या वायरींना फटके मारते. साखळ्या लावल्यावर वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.

सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि सकाळी दहाच्या आत काळा बर्फ असतो. नुसता ओला दिसणारा रस्ता म्हणजे काच असते. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. क्वीन्सटाउन-वानाका हा क्राउन रेंजचा घाट देशातला सर्वांत उंच डांबरी मुख्य रस्ता आहे. हवा खराब असेल तर क्रॉमवेलमार्गे लांबचा रस्ता घ्या. वर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, वायपर उभे करा. ऑस्ट्रेलियात डिझेल गाडी असेल तर डोंगराजवळच्या गावातल्या पंपावर ‘अल्पाइन डिझेल’ भरा, शहरातलं डिझेल थंडीत दाट होतं. आणि न्यू साउथ वेल्समध्ये थ्रेडबो-पेरिशर ज्यात येतात त्या कोशियस्को राष्ट्रीय उद्यानात हंगामात दोन चाकं ओढणाऱ्या गाडीत साखळ्या बाळगणं सक्तीचं आहे, बर्फ दिसो वा न दिसो.

सकाळचा क्रम असा ठेवा. उठल्याबरोबर फील्डच्या संकेतस्थळावरचा अहवाल बघा. आधी रस्ता, मग वारा, मग लिफ्ट, आणि सर्वांत शेवटी किती बर्फ पडला ते. वायव्येचा वारा असेल तर तो उबदार असतो, वरही पाऊस पडू शकतो. दक्षिणेचा असेल तर गारठा आणि बर्फ घेऊन येतो, आणि दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र. दक्षिणेची झड येऊन गेली की दुसरा दिवस अजिबात वाया घालवू नका. वायव्येच्या दिवशी तळ्याकाठी फिरा, जवळच्या ॲरोटाउन गावाला जा, झोपा काढा.

बर्फावरचा पहिला दिवस

मॅजिक कार्पेट म्हणजे जमिनीलगतचा सरकता पट्टा. त्यावर उभं राहायचं, वर जायचं, घसरत यायचं. पुढची टोकं जवळ आणि मागची लांब अशी स्की धरली की वेग मंदावतो. प्रशिक्षक याला ‘पिझ्झा’ म्हणतात, आणि समांतर स्कींना ‘फ्रेंच फ्राईज’. मोठ्या माणसांनाही असंच सांगतात, रागावू नका. मागे झुकायची इच्छा होईल, भीती वाटली की शरीर आपोआप मागे जातं. पण मागे झुकलं की स्की पळतात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून धरा आणि नजर टोकांवर नाही, जिथे जायचं तिथे.

पडल्यावर उठताना स्की उताराला आडव्या करून घ्या, नाहीतर उठता उठताच निघालात. थकल्यावर ‘एकच शेवटची फेरी’ करू नका, दुपारी तीननंतर पाय जड झालेले असतात आणि बर्फही कडक होऊ लागतो. खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने जागा सोडायची, हा जगभरचा नियम आहे. दोरीपलीकडचा कोरा बर्फ कितीही खुणावो, तिकडे जाऊ नका. तो हिमस्खलनाचा प्रदेश असतो.

गुलमर्ग किंवा कोलोरॅडोत शिकलेल्यांनी एक सवय उलटी करायची. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. उत्तरेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात, दक्षिणेकडचे दिवसभर सावलीत गारठलेले राहतात. सकाळी उत्तरेचे उतार धरा, ताजा कोरडा बर्फ शोधत असाल तर दक्षिणेकडे वळा.

विमा आणि दुखापत

साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा नसतं. हिवाळी खेळांचं वेगळं कलम घ्या आणि त्यात तीन गोष्टी वाचा. हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आहे का, आखलेल्या उतारांबाहेरचं वगळलंय का, आणि दारू प्यायली असल्यास दावा नाकारतात का. न्यूझीलंडमध्ये अपघाती दुखापतीच्या उपचारांचा खर्च एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांसाठीही मोठ्या प्रमाणात उचलते. पण बुडालेली तिकिटं, वाढलेला मुक्काम आणि पाय प्लास्टरमध्ये घेऊन मुंबईला परत येण्याचा खर्च ती देत नाही, त्यासाठी विमाच. दुखापत झाली तर तिथल्याच दवाखान्यात एसीसीचा अर्ज भरून घ्या, आणि एक्स-रे, एमआरआयच्या प्रती मागून आणा. इथल्या डॉक्टरांना त्या लागतात.

परतीचा बेत

शेवटचा स्कीचा दिवस आणि विमानाचा दिवस एक ठेवू नका. क्वीन्सटाउनचा विमानतळ डोंगरांच्या कोंडाळ्यात आहे, ढग उतरले की विमानं इन्व्हरकार्गिल किंवा क्राइस्टचर्चला वळवतात. आंतरराष्ट्रीय विमान क्राइस्टचर्चहून असेल तर एक दिवस आधी रस्त्यानेच निघा. लिंडिस खिंड आणि टेकापो तळं घेत जाणारा हा रस्ता साडेचारशे किलोमीटरच्या वर, सहा तासांचा. सामान आदल्या संध्याकाळी परत करा आणि पावती घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं असेल तर हंगामी पासांच्या सवलतीच्या विक्रीवर लक्ष ठेवा. तीन-चार दिवसांहून जास्त स्कीइंग करणार असाल तर तो पास रोजच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडू शकतो.